सणांच्या भेटी : घरचे शिवण व विणकाम

दिवाळी, संक्रांत, बारसे, बोरन्हाण हे प्रसंग शेतकऱ्याच्या घरी येतच असतात, आणि प्रत्येक प्रसंगी कोणाला तरी काही तरी द्यावयाचे असते. सुगीचा पैसा हाती पडण्यापूर्वीच पुष्कळदा दिवाळी येऊन ठेपते. अशा वेळी उधारीवर आणलेली वस्तू दिसावयास झगझगीत असली, तरी तिचे मोल सण सरल्यावर फेडीत बसावे लागते. घरी शिवलेल्या वा विणलेल्या वस्तूस खर्च थोडा येतो हे खरे. परंतु तिचा मोठा गुण याहून निराळा आहे. बाजारातील वस्तू करणाऱ्यास ती कोण वापरणार हे ठाऊक नसते. घरी मात्र बहिणीला भावाच्या डोक्याचे माप घेता येते, आजीला नातवाच्या गळ्याचा घेर माहीत असतो, आणि शेजारणीला बाजाराच्या दिवशी कोणती पिशवी लागते हे आपण रोज पाहत असतो.

हा गुण आपोआप साधत नाही. माप न घेता, कापड न पारखता व वापराचा विचार न करता केलेली वस्तू पेटीत पडून राहते, आणि कधी कधी तिच्यापासून अपायही होतो. म्हणून या लेखात चार वस्तूंचे पाठ दिले आहेत : भाऊबीजेसाठी कानटोपी, बोरन्हाणासाठी काळे झबले, हळदीकुंकवाच्या वाणासाठी पिशवी आणि बाळंतविड्यासाठी दुपटे. प्रत्येक पाठात वस्तू कशी करावी याबरोबरच ती कोणासाठी व कोणत्या कामासाठी आहे, याचा विचार केला आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या भगिनींनी हे पाठ बचत गटात किंवा महिला मंडळात करून दाखवावेत.

कामाचे वेळापत्रक

शेतकऱ्याच्या घरात शिवणकामाला वेळ मिळतो तो पिकांच्या कामांतून. खरिपाची कापणी, सोयाबीनची मळणी व कापसाची पहिली वेचणी ही कामे दिवाळीच्या सुमारास एकदम अंगावर येतात. त्या वेळी सुई हातात धरणे शक्य नसते. यास्तव दिवाळीच्या भेटींचे काम श्रावण-भाद्रपदात, पावसामुळे शेतातील काम थांबते त्या दिवसांत उरकावे. नागपंचमीस चिरू-कापू नये असा आपल्याकडे रिवाज आहे. तोपर्यंत कापड आणून धुऊन ठेवावे आणि नागपंचमी झाली की कात्री हाती घ्यावी. संक्रांतीच्या वस्तू दिवाळीनंतर, मार्गशीर्ष महिन्यात हाती घ्याव्यात. विणकाम कोठेही बसून, थोडथोडे करता येते. कापड बेतण्याचे व कापण्याचे काम मात्र दिवसाच्या उजेडात, सपाट जमिनीवर व घाई नसतानाच करावे. एकदा चुकीचे कापलेले कापड पुन्हा जुळत नाही.

कापडाची निवड व पूर्वतयारी

अंगाला लागणाऱ्या वस्तूंसाठी सुती कापड उत्तम. ते घाम टिपते, वारंवार धुता येते व जुने होत जाईल तसे मऊ होते. नवे सुती कापड बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजत घालून दुसऱ्या दिवशी धुवावे व सावलीत वाळवावे. यामुळे खळ निघून जाते व कापड आटावयाचे तेवढे आधीच आटते. काही कापडे मीटरमागे तीन ते पाच सें.मी. आटतात. न धुता शिवलेले झबले पहिल्याच धुण्यात आखूड होते, ते याच कारणाने.

रंग पक्का आहे की नाही हे पाहण्यासाठी पांढऱ्या कापडाचा तुकडा ओला करून रंगीत कापडावर जोराने घासावा. पांढऱ्या तुकड्यास रंग लागल्यास ते कापड लहान मुलांसाठी घेऊ नये. मूल कपड्याची बाही तोंडात घालते, हे विसरून चालणार नाही.

जुने कापड वापरणे ही आपल्या घरांतील चांगली रीत आहे. आजीच्या लुगड्याची गोधडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तथापि आज जुने कापड निवडताना एक नवा प्रश्न विचारावा लागतो : हे कापड फवारणीच्या वेळी अंगावर होते काय? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीचे विष श्वासावाटे जाते, तसेच ते भिजलेल्या कपड्यांतून कातडीवाटेही अंगात भिनते. असा कपडा धुतला म्हणजे त्यातील सारे विष निघून गेले, असे समजू नये. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत :

(१) फवारणीच्या वेळी वापरलेला सदरा, धोतर, साडी किंवा डोक्याचा रुमाल गोधडी, दुपटे, झबले वा पिशवी यांसाठी कधीही घेऊ नये. ते कपडे फवारणीसाठीच वेगळे ठेवावेत व इतर कपड्यांपासून निराळे धुवावेत.

(२) औषध लावलेले बियाणे ज्या पिशवीतून आले, ती पिशवी कापडी असली व चांगली दिसली, तरी धान्य, पीठ वा भाकरी ठेवण्यासाठी शिवू नये.

(३) कीटकनाशकांच्या डब्यांभोवती गुंडाळलेले किंवा त्यांच्याबरोबर एका फळीवर ठेवलेले कापडही वर्ज्य समजावे.

ज्या कापडाचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ते भेटीच्या वस्तूसाठी वापरू नये, हा सर्वांत सोपा नियम होय.

पाठ १ ला : भाऊबीजेची कानटोपी

भाऊबीजेला ओवाळणी भावाने घालावयाची, हा रिवाज आहे. बहिणीनेही आपल्या हातची एखादी वस्तू भावाला द्यावी, यात प्रेम आहे व उपयोगही आहे. दिवाळीनंतर थंडी पडू लागते. गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी अनेक ठिकाणी रात्री-अपरात्री, वीज असेल त्या वेळी शेतावर जावे लागते. कानाला वारा लागू नये म्हणून लोकरीची वस्तू द्यावी, हा विचार योग्य आहे.

पुष्कळ भगिनी अशा वेळी मफलर विणतात. मफलर विणावयास सोपा, परंतु शेतावर काम करणाऱ्यास तो धोक्याचा आहे. त्याची टोके सुटी लोंबतात. मळणीयंत्राचा, कडबाकुट्टीचा किंवा पंपाचा पट्टा चालू असता अशी सुटी टोके त्यात ओढली जातात, आणि मफलर गळ्याभोवती असल्यामुळे माणूसही खेचला जातो. साडीचा पदर व धोतराचा सोगा यांबद्दल जी खबरदारी सांगितली जाते, तीच मफलरास लागू आहे. म्हणून शेतकरी भावासाठी कानटोपी विणावी. तिला लोंबणारे टोक, गोंडा किंवा नाडी लावू नये.

साहित्य : मध्यम जाडीची लोकर सुमारे १०० ग्रॅम, ९ नंबरच्या दोन सुया, लोकर ओवण्याची बोथट सुई, टेप.

लोकर पारखणे : बाजारात 'लोकर' या नावाने मिळणारा धागा बहुतेक कृत्रिम असतो. एक लहान धागा चिमट्यात धरून पेटवून पाहावा. खऱ्या लोकरीला जळालेल्या केसासारखा वास येतो व तिची राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळतो व त्याचा कठीण मणी बनतो. कृत्रिम लोकर धुण्यास सोपी व स्वस्त असते, ती घेण्यास हरकत नाही. मात्र शेकोटीची ठिणगी उडाल्यास ती वितळून कातडीस चिकटते, ही गोष्ट टोपी देताना सांगून ठेवावी. आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर जाड व खरखरीत असते. ती घोंगडीस उत्तम, पण कपाळ व कान यांना टोचते.

नमुन्याचा तुकडा : प्रत्येकीचा हात निराळा असतो. कोणी घट्ट विणते, कोणी सैल. म्हणून प्रथम ३० टाके घालून, एक ओळ सुलट व एक ओळ उलट याप्रमाणे १० सें.मी. उंचीचा तुकडा विणावा. तो सपाट ठेवून, न ताणता, १० सें.मी. रुंदीत किती टाके बसतात ते मोजावे. त्यावरून टोपीचे टाके येणेप्रमाणे घ्यावेत :

१० सें.मी. मध्ये २० टाके बसल्यास ९८ टाके.
१० सें.मी. मध्ये २२ टाके बसल्यास ११० टाके.
१० सें.मी. मध्ये २४ टाके बसल्यास १२२ टाके.

हे आकडे सुमारे ५६ सें.मी. घेराच्या डोक्यासाठी आहेत. विणलेली टोपी घेराला सुमारे ५० सें.मी. भरते व घातल्यावर ताणून डोक्यास घट्ट बसते. निराळे माप हवे असल्यास टाक्यांची संख्या बाराच्या पाढ्यातील आकड्यात दोन मिळवून येईल अशीच धरावी, म्हणजे शेवटची घट बिनचूक जुळते.

कृती (११० टाक्यांसाठी) : ११० टाके सैल हाताने घालावेत. पहिल्या ओळीत २ सुलट, २ उलट याप्रमाणे विणत जावे व शेवटी २ सुलट यावेत. दुसऱ्या ओळीत २ उलट, २ सुलट याप्रमाणे विणून शेवटी २ उलट यावेत. या दोन ओळी आलटून पालटून १२ सें.मी. उंची होईपर्यंत विणाव्यात. ही पट्टी लवचिक होते व कानावर घट्ट बसते. पुढे एक ओळ सुलट व एक ओळ उलट विणून एकूण उंची २२ सें.मी. करावी.

आता टोपीचा माथा. सुलट बाजूच्या ओळीत १ टाका सुलट विणावा. नंतर ७ टाके सुलट व २ टाके एकत्र सुलट असे बारा वेळा करावे. शेवटचा १ टाका सुलट. सुईवर ९८ टाके राहतील. मागील ओळ सर्व उलट. पुढील सुलट ओळीत ७ ऐवजी ६ टाके विणून २ एकत्र करावेत, म्हणजे ८६ टाके राहतील. अशा रीतीने प्रत्येक सुलट ओळीत मधला एकेक टाका कमी करीत जावे. ७४, ६२, ५०, ३८, २६ व अखेर १४ टाके राहतील. प्रत्येक वेळी टाके मोजून या आकड्यांशी ताडून पाहावेत, म्हणजे चूक तेथल्या तेथे सापडते. (१२२ टाके घेतल्यास प्रारंभ ८ सुलट व २ एकत्र असा करावा, ९८ टाके घेतल्यास ६ सुलट व २ एकत्र असा करावा.)

लोकर हातभर ठेवून तोडावी, ती सुईत ओवून १४ टाक्यांतून काढावी, घट्ट ओढून बंद करावी व त्याच धाग्याने मागील शिवण जोडावी. खालच्या ६ सें.मी. ची शिवण मात्र दुसऱ्या बाजूने घालावी, कारण तेवढी पट्टी वर दुमडली जाते व तिची शिवण बाहेर दिसता कामा नये. थंडी अधिक असल्यास दुमड खाली ओढून कान व मान झाकता येते.

पाठ २ रा : बोरन्हाणाचे काळे झबले

मुलाच्या पहिल्या संक्रांतीस त्याला काळे झबले घालून, हलव्याचे दागिने लेववून बोरन्हाण घालतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीच्या दिवशी हा समारंभ होतो. हे झबले मुलाच्या अंगावर घटकाभरच राहते असे समजून भगिनी हलके, चकचकीत कापड घेतात. काळा रंग कच्चा असेल तर तो अंगाला व तोंडाला लागतो. म्हणून वर सांगितलेली रंगाची परीक्षा या कापडाच्या बाबतीत अवश्य करावी. सुती कापडाचे झबले सणानंतरही महिने दोन महिने वापरता येते.

साहित्य : ९० सें.मी. पन्ह्याचे काळे सुती कापड ९० सें.मी., काळा सुती दोरा, बंदांसाठी त्याच कापडाच्या पट्ट्या.

बेतणे (सहा महिने ते एक वर्षाच्या मुलासाठी) : कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. त्यातून ५८ सें.मी. रुंद व ७६ सें.मी. लांब तुकडा कापावा व तो लांबीत मधोमध दुमडावा, म्हणजे उंची ३८ सें.मी. होईल. दुमड ही खांद्याची बाजू. दुमडीपासून १३.५ सें.मी. खाली दोन्ही बाजूंस खडूने खूण करावी. तेथून आत १२.५ सें.मी. आडवी व नंतर सरळ खालपर्यंत उभी रेघ मारावी. खालच्या बाजूचे हे दोन चौकोनी तुकडे कापून काढले की वर बाह्या व मध्ये ३३ सें.मी. रुंदीचे अंग राहते. गळा ११ सें.मी. रुंद, पुढे ५.५ सें.मी. व मागे १.५ सें.मी. खोल असा गोल कापावा. गळा प्रथम लहान कापून मुलास लावून पाहावा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा गळा लहान करता येत नाही. पाठीमागे मधोमध गळ्यापासून खालपर्यंत सरळ चीर द्यावी.

शिवणे : चिरेच्या दोन्ही कडांस ५ सें.मी. रुंदीची पट्टी जोडून, ती आत दुमडून हेम घालावी. अशा रीतीने दोन्ही कडा एकमेकींवर येतात व पाठ उघडी पडत नाही. बाह्या व अंग यांच्या बाजू १.५ सें.मी. आत शिवाव्यात. काखेतील कोपरा किंचित गोल शिवावा व शिवणीला धक्का न लागेल अशी बारीक चीर द्यावी, म्हणजे कापड ओढ खात नाही. गळ्यास तिरप्या कापडाचा गोट लावावा. बाह्या व घेर यांस २ सें.मी. दुमडून हेम घालावी. पाठीवर बंदांच्या दोन जोड्या लावाव्यात. प्रत्येक बंद १५ सें.मी. हून लांब ठेवू नये.

या झबल्यावर टिकल्या, मणी, घुंगरू किंवा गुंड्या शिवू नयेत. मूल त्या ओढून काढते व तोंडात घालते. घशात अडकलेला मणी जिवावर बेततो. नक्षी हवीच असल्यास पांढऱ्या दोऱ्याने साखळी टाक्याची तिळाची फुले काढावीत. हलव्याच्या दागिन्यांसही हाच नियम लागू आहे. ते काही वेळ घालून, मूल कोणाच्या तरी मांडीवर असतानाच ठेवावेत व समारंभ होताच काढून घ्यावेत. थंडीचे दिवस असल्यामुळे झबल्याच्या आत जुन्या मऊ कापडाची बंडी घालावी.

पाठ ३ रा : हळदीकुंकवाच्या वाणाची पिशवी

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून प्लास्टिकच्या लहानसहान वस्तू देण्याची प्रथा पडली आहे. त्यांतील पुष्कळशा वस्तू पुढील संक्रांतीपर्यंत उकिरड्यावर जातात व तेथून शेतात येतात. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. बाजाराला नेण्याजोगी कापडी पिशवी हे वाण म्हणून सर्वांत उपयोगी पडते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ही गोष्ट येथे स्मरणात ठेवावी. पिशव्या बेतताना गावातील एकही भगिनी गणतीतून सुटू नये.

साहित्य : ९० सें.मी. पन्ह्याचे जाड सुती कापड १ मीटर १० सें.मी. यातून दोन पिशव्या होतात. धुतल्यावर कापड आटते म्हणून दहा सें.मी. अधिक घेतले आहे.

बेतणे : धुतलेल्या कापडातून ४२ सें.मी. रुंद व ८० सें.मी. लांब असे दोन तुकडे शेजारी शेजारी कापावेत. उरलेल्या भागातून ८ सें.मी. रुंद व ४२ सें.मी. लांब अशा चार पट्ट्या काढाव्यात. त्या चार बंदांसाठी होत.

शिवणे : बंदाची पट्टी लांबीत चौपदरी दुमडून २ सें.मी. रुंदीची करावी व दोन्ही कडांनी टीप घालावी. पिशवीचा तुकडा मधोमध दुमडून दोन्ही बाजू १.५ सें.मी. आत शिवाव्यात. त्या शिवणीवर पुन्हा एकदा टीप घालावी, कारण भार याच शिवणीवर येतो. तोंडाची कड ४ सें.मी. आत दुमडून शिवावी. बंदाचे प्रत्येक टोक ४ सें.मी. आत घेऊन तेथे चौकोनी टीप व त्या चौकोनात फुलीसारखी आडवी-तिरपी टीप घालावी. पिशवी फाटते ती बहुधा बंदाच्या मुळाशी. नुसत्या एका टिपेवर लावलेला बंद पाच किलो कांद्यांच्या भाराने निघून येतो. पिशवी तयार झाल्यावर तीत तेवढे वजन भरून ती खुंटीवर तासभर टांगावी. बंदाची टीप उसवली नाही, तरच ती वाण म्हणून द्यावी.

पिशवीत मूठभर घरचे निरोगी बियाणे, जसे वाल, घेवडा, दोडका, कागदाच्या पुडीत घालून द्यावे. शेजारणीच्या परसात तो वेल चढला म्हणजे वाण वर्षभर लक्षात राहते.

पाठ ४ था : बाळंतविड्यातील दुपटे

जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती साडीइतके मऊ कापड नवजात बालकासाठी दुसरे नाही. त्यामुळे दुपट्यास नवे कापड विकत घेऊ नये. साडीचा जरीचा काठ काढून टाकावा व विरलेला भाग सोडून ९४ सें.मी. चौरसाचे तीन तुकडे काढावेत. ते साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवावेत.

तिन्ही तुकडे सपाट जमिनीवर एकावर एक पसरावेत. मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात. मध्यापासून चारी बाजूंस लांब टाक्यांचा कच्चा दोरा घालावा. यामुळे पदर सरकत नाहीत. नंतर चारी कडा २ सें.मी. आत दुमडून शिवाव्यात, म्हणजे दुपटे ९० सें.मी. चौरसाचे होईल. आता एका कडेपासून प्रारंभ करून ३ सें.मी. अंतराने धावदोऱ्याच्या समांतर ओळी घालाव्यात. टाका अर्ध्या सें.मी. हून मोठा नसावा व दोरा ओढून घट्ट करू नये. घट्ट दोऱ्याने दुपटे आखडते. अखेरीस कच्चा दोरा काढून टाकावा.

दोऱ्याची गाठ वर दिसता कामा नये. ती पदरांच्या मध्ये ओढून घ्यावी व दोऱ्याचे टोकही आत दडवावे. सुटा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त थांबून बोट सुजते, आणि बाळ का रडते हे घरातील माणसांच्या ध्यानात येत नाही. हीच खबरदारी लोकरीचे मोजे विणताना घ्यावी. काम संपल्यावर सुया व टाचण्या मोजाव्यात. प्रारंभी जितक्या घेतल्या तितक्या परत डबीत आल्याशिवाय दुपटे घडी करू नये.

दुपटे बाळाच्या अंगाखाली घालावे किंवा काखेपर्यंत लपेटावे. तोंडावर येईल असे पांघरू नये. भेट देताना एकच जाड गोधडी देण्यापेक्षा अशी तीन पातळ दुपटी द्यावीत. एक अंगाखाली, एक धुण्यात व एक वाळत, अशी बाळंतिणीच्या घरची खरी गरज असते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

हे पाठ शिकविताना एका बैठकीत एकच वस्तू घ्यावी. दहा ते बारा भगिनींचा गट असावा व वेळ दुपारची दोन तास ठेवावी. आरंभी तयार वस्तू हातोहात फिरवावी. नंतर बेतण्याचे काम जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर प्रत्येकीकडून करून घ्यावे. कागदावर माप बरोबर आल्याशिवाय कापडास कात्री लावू देऊ नये. टेप धरणे, आकडा वाचणे व लिहून ठेवणे ही कामे आळीपाळीने सर्वांना द्यावीत. ज्या भगिनीस आकडे वाचता येत नाहीत, तिच्यासाठी दोऱ्याला गाठी मारून माप तयार करून द्यावे. अंगणवाडीत मुलांच्या माता जमतात त्या दिवशी झबल्याचा व दुपट्याचा पाठ घेतल्यास मापासाठी मूल समोर असते.

फवारणीच्या कपड्यांविषयीची सूचना पुरुषांच्या बैठकीतही सांगावी. कोणता सदरा फवारणीच्या वेळी अंगात होता, हे पुष्कळदा पुरुषांनाच ठाऊक असते. आणि गोधडीसाठी कापड निवडणारी स्त्री ते विचारीतही नाही. अशा कपड्यास काळ्या दोऱ्याने मोठी फुली मारून ठेवावी. ही खूण घरातील सर्वांना समजते.

प्रत्येक वस्तूचा हिशेब वहीत लिहावा : कापड किती, दोरा किती, लोकर किती व काम किती तास. भेट द्यावयाच्या वस्तूची किंमत सांगावयाची नसते, तथापि तासांचा आकडा घरातील मंडळींनी वाचलेला बरा. एका दुपट्यास किती संध्याकाळी लागल्या हे कळले, म्हणजे त्या कामाची कदर होते. पुढे गटाने या वस्तू विक्रीस ठेवावयाचे ठरविल्यास किंमत ठरविताना केवळ कापडाचा खर्च धरून चालत नाही. श्रमाचे मोल धरले नाही, तर जितके अधिक विकावे तितके नुकसान अधिक होते.

समारोप

या चार वस्तूंपैकी एकही वस्तू करावयास कठीण नाही. माप घेणे, कापड धुणे, रंग व कापडाचा पूर्वेतिहास पारखणे, टोके व गाठी दडविणे आणि तयार वस्तूची परीक्षा घेणे, एवढीच शिस्त हवी. भावाला टोपी देताना ती मळणीयंत्राजवळ निर्धोक आहे, नातवाला झबले घालताना त्याचा रंग उतरणार नाही, आणि बाळाला दुपट्यात गुंडाळताना त्यात विषाचा अंश नाही, एवढी खात्री करणाऱ्याच्या मनात असली पाहिजे. अशी खात्री ज्या भेटीत आहे, ती साधी असली तरी घरात जपून वापरली जाते. श्रावण लागला की प्रत्येक भगिनीने यांपैकी एक तरी वस्तू हाती घ्यावी, आणि कापडाला कात्री लावण्यापूर्वी ज्याला ती द्यावयाची, त्याचे माप घ्यावे.